तिघांचा बँड आणि लागोसचा पावसाळा

१९७३ साली पॉल मॅकार्टनीने आपल्या रेकॉर्ड कंपनीकडून एक यादी मागवली. ईएमआयचे स्टुडिओ जगात कुठे कुठे आहेत, एवढंच त्याला हवं होतं. यादी आली. तिच्यात रिओ दि जानेरो होतं, पेकिंग होतं आणि नायजेरियातलं लागोसही होतं. मॅकार्टनीने लागोस निवडलं. दिवसा समुद्रावर पडून राहायचं, रात्री गाणी करायची, आणि आफ्रिकेचा ताल तर दाराशीच असेल, असा त्याचा हिशेब होता. लागोसला एप्रिल ते ऑक्टोबर हे पावसाचे महिने असतात, याची कोणी चौकशी केली नाही. युद्धातून नुकत्याच उठलेल्या, लष्कराच्या हाती असलेल्या देशात आपण चाललो आहोत, याचाही फार विचार झाला नसावा.

त्या प्रवासातून ‘बँड ऑन द रन’ हा विंग्ज या बँडचा अल्बम निघाला. बीटल्स फुटल्यानंतर मॅकार्टनीला हरवलेली पत त्यानेच परत मिळवून दिली. ही गोष्ट बहुतेक वेळा संकटांवर मात केल्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि संकटं खरोखरच भरपूर होती. पण तिच्यात एक दुसरी गोष्टही आहे, ती त्या शहराची. तिच्याकडे फारसं कोणी वळत नाही.

ईएमआयची यादी इतकी लांब का होती, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र आपल्या कितीतरी घरांतल्या तबकड्यांवर होतं. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात त्या तबकड्या निघायच्या आणि त्यांवरूनच भावगीतं, नाट्यगीतं, अभंग गावोगाव पोचले. ती ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ याच ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातली. साम्राज्याच्या मार्गांनी कंपनीने बंदरोबंदरी शाखा काढल्या होत्या. तिथलं संगीत तिथेच मुद्रित करायचं, तिथेच छापायचं, तिथेच विकायचं, असा तो व्यवहार. मुंबईच्या फोर्ट भागातही तिचा स्टुडिओ होता. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन तिथे आला आणि ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचा एक भाग त्याने तिथे मुद्रित केला. शिवकुमार शर्मांचं संतूर, आशीष खान यांचा सरोद, महापुरुष मिश्रांचा तबला त्या तबकडीवर आहे. हॅरिसनची ही मुंबई लक्षात ठेवावी. लागोसकडे पाहताना तिचा उपयोग होतो.

१९७३ पर्यंत मॅकार्टनीचं काय चाललं होतं? पैसा होता, लोकप्रियताही होती. समीक्षकांची मान्यता तेवढी नव्हती. बीटल्सच्या फुटीचं खापर त्याच्यावर फुटलं होतं, कारण भागीदारी मोडण्यासाठी कोर्टात गेलेला तोच. ‘रॅम’ आणि ‘वाइल्ड लाइफ’ या १९७१ च्या दोन्ही अल्बमना समीक्षकांनी झोडपलं. आज ‘रॅम’ला मानाचं स्थान आहे. तेव्हा तो पोरकट वाटला. पियानोचा अनुभव जवळपास शून्य असलेल्या बायकोला, लिंडाला, त्याने बँडमध्ये घेतलं, याचीही भरपूर टिंगल झाली. १९७२ च्या फेब्रुवारीत विंग्ज एका व्हॅनमधून निघाले आणि इंग्लंडातल्या विद्यापीठांत आगाऊ न सांगता जाऊन पन्नास पेन्सच्या तिकिटावर वाजवू लागले. जगातला सर्वांत प्रसिद्ध बँड ज्याने पाहिला, तो माणूस पहिल्या पायरीपासून पुन्हा चढत होता. मला त्याच्या या हट्टाबद्दल मनापासून आदर वाटतो. नव्या बँडने नव्यासारखंच सुरू करायला हवं, ही त्याची समजूत प्रामाणिक होती.

मात्र बँडचा मालक तोच होता, आणि बाकीच्यांना आठवड्याचा ठरलेला पगार मिळायचा. तो फार नव्हता. उत्तर आयर्लंडचा हेन्री मॅककलक गिटार वाजवायचा, न्यूयॉर्कचा डेनी सायवेल ड्रम. ‘माय लव्ह’ या गाण्यातला गिटारचा एकल तुकडा मॅककलकचा. प्रत्यक्ष मुद्रणाच्या वेळी त्याने मॅकार्टनीला बाजूला सारून तो आपल्या मनाने वाजवला होता. स्कॉटलंडच्या शेतावर नव्या गाण्यांचा सराव चालू असताना, काय वाजवायचं यावरून दोघांची पुन्हा जुंपली आणि मॅककलक निघून गेला. सायवेलचं म्हणणं होतं, थांबू या, नवा गिटारवादक घेऊ, मग जाऊ. ते मानलं गेलं नाही. विमानात बसायच्या आदल्या रात्री सायवेलचा फोन आला, मी येत नाही.

राहिले तिघं. मॅकार्टनी, लिंडा आणि गिटारवादक डेनी लेन. सोबत तीन लहान मुली, आणि बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’, ‘सार्जंट पेपर’चं ध्वनिमुद्रण ज्याने केलं तो जेफ एमरिक. प्रवास रद्द करता आला असता. पण मॅकार्टनीला चेव चढला. आपल्याला सोडून गेलेल्यांना पश्चात्ताप होईल असा अल्बम करून दाखवतो, अशी जिद्द मनात घेऊन तो विमानात बसला, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे.

लागोस त्या वेळी नायजेरियाची राजधानी होतं. बियाफ्राचं यादवी युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपलं होतं. अडीच वर्षांच्या त्या युद्धात लाखो माणसं मेली, त्यातली बरीचशी उपासमारीने. सत्तेवर जनरल याकुबू गोवन यांचं लष्करी सरकार. युद्ध संपलं तरी बंदुका हातोहाती फिरत राहिल्या आणि दरोडे वाढले. सरकारने सशस्त्र दरोड्याला मृत्युदंड ठरवला. १९७१ पासून लागोसच्या बार बीचवर, म्हणजे भर किनाऱ्यावर आणि गर्दीसमोर, दरोडेखोरांना गोळ्या घातल्या जाऊ लागल्या. दुसरीकडे तेलाचा पैसा वाहू लागला होता. १९७३ च्या सुरुवातीला पौंड जाऊन नायरा हे नवं चलन आलं. बंदरात जहाजांची गर्दी, रस्त्यांवर मोटारींची. एकाच वेळी श्रीमंत आणि असुरक्षित होत चाललेलं हे शहर पाहुण्यांना सुट्टीचं ठिकाण वाटलं होतं.

ईएमआयचा स्टुडिओ अपापा या बंदराच्या भागात, व्हार्फ रोडवर होता. एमरिकने आत पाऊल टाकलं आणि त्याच्या पोटात गोळा आला. आठ ट्रॅकचं टेपयंत्र होतं, पण मिक्सिंगच्या टेबलाची अवस्था बिकट. मायक्रोफोन कपाटातल्या एका खोक्यात कोंबलेले. वाद्यांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून स्टुडिओत आडोसे लागतात, ते तिथे नव्हतेच. सुतार लावून ते करून घ्यावे लागले. मागचं दार उघडलं की थेट तबकड्या छापण्याचा कारखाना, तिथे कामगारांची लगबग. अधूनमधून वीज जायची. आणि एमरिकला किड्यांची विलक्षण भीती होती. लागोसच्या पावसाळ्यात त्याचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

एक मात्र नोंदवायला हवं. त्या स्टुडिओला ‘मोडका’ म्हणून हसण्याची पाश्चात्त्य लेखनात सवय आहे. पण याच खोल्यांत नायजेरियाचे संगीतकार वर्षानुवर्षं काम करत होते आणि त्यांतून निघालेल्या तबकड्या पश्चिम आफ्रिकाभर वाजत होत्या. त्यांना एकत्र बसून एकदम वाजवायची सवय होती. त्या पद्धतीला आडोसे आणि सोळा ट्रॅक लागतच नाहीत. स्टुडिओ मोडका होता, तो लंडनच्या पद्धतीने काम करणाऱ्यांसाठी. आणि ईएमआयने आपल्या लागोसच्या शाखेवर लंडनच्या मानाने किती खर्च करायचा ठरवलं होतं, हेही त्या कपाटातल्या खोक्यात दिसतंच.

मॅकार्टनी कुटुंब इकेजाला, विमानतळाच्या बाजूला राहायचं. अपापापासून ते बरंच लांब. दुपारनंतर स्टुडिओत जायचं, रात्री उशिरापर्यंत काम करायचं, असा क्रम बसला. ड्रमवाला नव्हता, म्हणून मॅकार्टनी स्वतः ड्रमवर बसला. लेन गिटार घेऊन समोर. दोघांनी मिळून गाण्याचा सांगाडा टेपवर घ्यायचा. मग त्यावर मॅकार्टनीने बास वाजवायचा, मग आणखी गिटार, पियानो. लिंडाने सिंथेसायझर आणि कीबोर्ड सांभाळायचे, आणि शेवटी तिघांनी मिळून आवाजांचे थर चढवायचे. ट्रॅक आठच. त्यामुळे पुढे काय येणार आहे, ते सगळं आधी डोक्यात तयार हवं. मॅकार्टनीच्या डोक्यात ते होतं. या अल्बममध्ये पसारा नाही, सूर मोजून घातलेले आहेत, याचं एक कारण ही सक्तीची काटकसर असावी असं मला वाटतं. आधीच्या अल्बममध्ये त्याने बऱ्याच गोष्टी केवळ सुचल्या म्हणून ठेवल्या होत्या. इथे ती चैन परवडणारी नव्हती.

त्याचं ड्रमवादन साधं, किंचित जड, पण ठाम आहे. ‘लेट मी रोल इट’ ऐकताना ते विशेष जाणवतं. ‘द हू’चा विख्यात ड्रमवादक कीथ मून याने पुढे हा ड्रम कोणी वाजवला, अशी चौकशी केली, ही आठवण मॅकार्टनी अभिमानाने सांगतो. लिंडाचा वाटाही मान्य करायला हवा. तिच्या आवाजाची चेष्टा करणाऱ्यांनी या अल्बममधले तिघांचे एकत्रित सूर नीट ऐकावेत. तिचा बारीक, न शिकवलेला आवाज वर नसता, तर विंग्जचे सूर विंग्जचे वाटले नसते.

मग ती रात्र आली. लागोसमध्ये अंधार पडल्यावर पायी फिरू नका, असं त्यांना बजावलं होतं. पॉल आणि लिंडा एका घरून दुसऱ्या घरी चालत निघाले. एक मोटार हळू होत बाजूला थांबली. पॉलला वाटलं, सोडू का म्हणून विचारताहेत. मोटार पुन्हा पुढे जाऊन थांबली आणि पाचसहा जण उतरले. एकाच्या हातात सुरा होता. याला मारू नका, हा संगीतकार आहे, असं लिंडा ओरडत राहिली. त्यांनी कॅमेरे घेतले, पैसे घेतले आणि पिशवीही नेली. पिशवीत नव्या गाण्यांच्या कच्च्या मुद्रणाच्या कॅसेट आणि शब्द लिहिलेली वही होती. नेणाऱ्यांना त्या कॅसेटची किंमत कळण्याचा प्रश्नच नव्हता. बहुधा त्यावर त्यांनी दुसरं काही भरलं असेल, नाहीतर फेकल्या असतील. गोऱ्यांना आपले चेहरे वेगळे ओळखता येत नाहीत, असं समजून दरोडेखोरांनी तुम्हाला जिवंत सोडलं, असं नंतर स्थानिक लोकांनी मॅकार्टनीला सांगितलं. दरोड्याला मृत्युदंडाची शिक्षा ज्या शहरात उघड्यावर होत होती, तिथे साक्षीदार मागे न ठेवणं हा गुन्हेगारांचा सरळ हिशेब होता. ते ऐकून अंगावर काटा येतो.

गाणी त्याने आठवून पुन्हा उभी केली. जी आठवली तीच राहिली. न आठवणारी चाल ठेवण्यालायक नसते, असं तो आणि बीटल्समधला जॉन लेनन फार पूर्वीपासून मानत आले होते, कारण त्यांच्या उमेदवारीच्या काळात टेपयंत्रच जवळ नव्हतं.

काही दिवसांनी गाता गाता त्याचा श्वास कोंडला. मोकळी हवा घ्यायला म्हणून तो बाहेर आला. बाहेरचा उकाडा आतल्यापेक्षा वाईट होता, आणि तो कोसळला. लिंडाला वाटलं, संपलं सगळं. डॉक्टरांनी श्वासनलिकेच्या आकुंचनाचं निदान केलं, सिगारेटी फार झाल्या म्हणाले. थोड्या विश्रांतीनंतर तो पुन्हा स्टुडिओत.

आता फेला.

फेला रॅन्सम-कुटी हा त्या काळात लागोसचा अनभिषिक्त राजा होता. त्याची आई फुनमिलायो वसाहतकाळात बायकांच्या कराविरुद्ध लढलेली नामांकित कार्यकर्ती, वडील पाद्री आणि शाळेचे मुख्याध्यापक. मुलगा शिकायला लंडनला गेला. तो ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकला, तिथल्या क्लबांत जॅझ वाजवलं. १९६९ मध्ये अमेरिकेत गेला असताना कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी त्याची गाठ पडली आणि परतला तो वेगळाच माणूस होऊन. योरुबा ताल, घानाचं हायलाइफ, जॅझ आणि अमेरिकेतलं फंक एकत्र आणून त्याने अफ्रोबीट घडवलं. ड्रमवादक टोनी ॲलन त्याचा आधारस्तंभ. एकेक गाणं पंधरा-पंधरा मिनिटं चालायचं. ताल आधी माणसाला गुंगवायचा, मग फेला सत्ताधाऱ्यांवर बोलायला लागायचा. हे सगळं त्याच्या आफ्रिका श्राइन या क्लबात रात्रभर चालायचं. पुढे काही वर्षांनी नावातलं ‘रॅन्सम’ हे गुलामीचं चिन्ह म्हणून त्याने टाकून दिलं आणि ‘अनिकुलापो’ घेतलं.

अशा माणसाला कळलं की माजी बीटल इंग्लंडहून येऊन अपापाच्या स्टुडिओत बसला आहे. काळ्या माणसाचं संगीत चोरायला आलेत, असं तो उघड म्हणाला. मॅकार्टनीने त्याला फोन करून बोलावलं. फेला आपल्या माणसांसह आला. मॅकार्टनीने टेप लावून दाखवल्या. ऐका, यात तुमचं काही आहे का? नव्हतं. फेलाने ते मान्य केलं आणि प्रकरण मिटलं. मॅकार्टनी त्याच्या क्लबातही जाऊन आला. फेलाचा बँड सुरू झाला तेव्हा आपल्याला रडू आवरेना, प्रत्यक्ष ऐकलेला इतका चांगला बँड दुसरा नाही, असं त्याने पुढे कितीतरी वेळा सांगितलं आहे. लिव्हरपूलच्या तळघरांपासून सगळं पाहिलेल्या माणसाची ही साक्ष आहे.

चोरी झाली नाही, हे खरं. पण मला फेलाचा संशय वेडगळ वाटत नाही. नायजेरिया स्वतंत्र होऊन अवघी तेरा वर्षं झाली होती. आफ्रिकेतून गेलेल्या तालांवर पश्चिमेची लोकप्रिय संगीताची सगळी बाजारपेठ उभी होती आणि त्यातला पैसा आफ्रिकेकडे फिरकत नव्हता. ज्या कंपनीच्या शाखेत मॅकार्टनी बसला होता, तीच कंपनी फेलाच्याही तबकड्या काढत होती. खुद्द फेला १९७१ मध्ये लंडनला, ईएमआयच्या ॲबी रोड स्टुडिओत जाऊन ‘लंडन सीन’ हा अल्बम करून आला होता. म्हणजे लागोसचा बँड लंडनच्या स्टुडिओत जाऊन आला, आणि दोन वर्षांनी लंडनचा बँड लागोसच्या स्टुडिओत आला. पहिल्याची लंडनमध्ये फारशी कोणी दखल घेतली नाही, दुसऱ्याची आजही कथा सांगितली जाते. चोरीपेक्षा हा फरक मोठा आहे. फेला त्याच्याकडेच बोट दाखवत होता, असं मी मानतो.

त्या आरोपाचा एक परिणाम थेट अल्बमवर झाला. तिथल्या वादकांना सोबत घ्यावं, असा विचार मॅकार्टनीच्या मनात होता. चोरीची भाषा ऐकल्यावर त्याने तो सोडला आणि सगळं तिघांनीच करायचं ठरवलं. इथे हॅरिसनची मुंबई आठवते. हॅरिसन मुंबईत आला तो ऐकायला आणि शिकायला. त्याच्यामागे रविशंकरांकडची तालीम होती. मुंबईच्या वादकांशिवाय ते संगीत झालंच नसतं. मॅकार्टनी लागोसला गेला तो स्वतःची तयार गाणी घेऊन. त्यामुळे लागोसमध्ये झालेल्या या अल्बममध्ये लागोस ऐकू येत नाही. टोनी ॲलन त्याच शहरात असताना, ड्रमवादक नाही म्हणून मॅकार्टनी स्वतः ड्रम वाजवत बसला. केवढी संधी हुकली! फेलाचा राग आणि मॅकार्टनीचा संकोच, दोन्ही समजण्यासारखे. नुकसान मात्र ऐकणाऱ्यांचं झालं.

लागोसमध्ये आणखी एक इंग्रज होता. ‘क्रीम’चा ड्रमवादक जिंजर बेकर. सहारा ओलांडून तो मोटारीने नायजेरियात आला, फेलाबरोबर वाजवू लागला आणि इकेजाला त्याने स्वतःचा स्टुडिओ उभारला. मॅकार्टनी माझ्याकडे येईल, ही त्याची अपेक्षा. तो ईएमआयकडे गेल्याने बेकर नाराज झाला. शेवटी ‘पिकासोज लास्ट वर्ड्स’ या एका गाण्याचं काम बेकरकडे झालं आणि बेकरने त्यात खडे भरलेला डबा खुळखुळवला. हे गाणं जमैकात सुचलेलं. तिथे ‘पापियाँ’च्या चित्रीकरणासाठी आलेला डस्टिन हॉफमन मॅकार्टनीला म्हणाला, कशावरही गाणं करता येतं का तुला? आणि एप्रिल १९७३ मध्ये वारलेल्या पिकासोवरचा मासिकातला मजकूर त्याच्यापुढे धरला. मॅकार्टनीने तिथल्या तिथे चाल बांधली, हॉफमन उड्या मारू लागला.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात मंडळी लंडनला परतली. घरी ईएमआयच्या वरिष्ठांचं पत्र येऊन पडलं होतं. लागोसमध्ये कॉलऱ्याची साथ आहे, कृपया जाऊ नये.

उरलेलं काम लंडनच्या एअर स्टुडिओत झालं. टोनी व्हिस्कॉन्टीने मोठ्या वाद्यवृंदाचं संयोजन लिहिलं, तेही तीनेक दिवसांच्या मुदतीत. मूळ वेष्टनावर त्याचं नाव जसं यायला हवं होतं तसं आलं नाही, ते त्याला फार वर्षांनी पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीत मिळालं. लिव्हरपूलच्या जुन्या दिवसांतला ओळखीचा हॉवी केसी सॅक्सोफोन वाजवून गेला. ‘ब्लूबर्ड’ या गाण्यात तालवाद्य वाजवलं लागोसच्या संगीतवर्तुळातून आलेल्या रेमी कबाका याने. अल्बममधला हा एकमेव आफ्रिकी वादक, आणि त्याचं वादन मुद्रित झालं लंडनमध्ये.

वेष्टनाचं छायाचित्र २८ ऑक्टोबरला लंडनजवळच्या ऑस्टर्ली पार्कमध्ये क्लाइव्ह ॲरोस्मिथने काढलं. तुरुंगातून पळताना दिव्याच्या झोतात सापडलेले कैदी. तिघांबरोबर सहा नामवंत भिंतीला लागून उभे होते, त्यांत अभिनेते जेम्स कोबर्न आणि ख्रिस्तोफर ली, मुष्टियोद्धा जॉन काँटे आणि मुलाखतकार मायकेल पार्किन्सन. चुकीच्या जातीची फिल्म वापरली गेल्यामुळे चित्राला पिवळट झाक आली. ती तशीच राहू दिली, आणि त्या वेष्टनाची तीच ओळख ठरली.

अमेरिकेत ५ डिसेंबर १९७३ रोजी अल्बम आला. काळ वाईट होता. ऑक्टोबरमधल्या पश्चिम आशियातल्या युद्धानंतर तेल भडकलं होतं. तबकड्यांचं प्लास्टिक तेलापासूनच होतं, त्याची टंचाई झाली. ब्रिटनमध्ये जानेवारीपासून वीज वाचवण्यासाठी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालू लागले. (त्याच तेलाने नायजेरियाच्या तिजोरीत मात्र पैशांचा लोट आणला.) अल्बम सुरुवातीला बेताचाच खपला. मग अमेरिकेतल्या कॅपिटल कंपनीच्या अल कोरीने हट्ट धरला, यातली गाणी सुटी काढा. ‘जेट’ निघालं, ते दोन्ही देशांत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. मग शीर्षकगीत आलं. पाच मिनिटांचं, तीन वेगवेगळ्या तुकड्यांचं, रेडिओला न झेपणारं गाणं. जून १९७४ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. अल्बम अमेरिकेत तीन वेळा वेगवेगळ्या काळात पहिला आला. ब्रिटनमध्ये जुलैत पहिला आला आणि सलग सात आठवडे तिथेच राहिला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला स्टुडिओ अल्बम तोच.

समीक्षकांनी दिशा बदलली. ‘रोलिंग स्टोन’मध्ये जॉन लँडोने लिहिलं की लेननचा ‘प्लास्टिक ओनो बँड’ कदाचित वगळला, तर चार माजी बीटल्सपैकी कोणाचंही इतकं चांगलं काम आजवर आलेलं नाही. लेननने स्वतः अल्बमची स्तुती केली. दोन ग्रॅमी मिळाले, एक गायनाचा आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा, जेफ एमरिकला. एमरिकला मिळालेला ग्रॅमी मला सर्वांत न्याय्य वाटतो.

हा अल्बम एवढा का आवडला? सुटकेची, पळून जाण्याची कल्पना त्यात धाग्यासारखी फिरते, असं बहुतेक जण सांगतात. बीटल्सच्या कोर्टकचेऱ्यांत अडकलेल्या माणसाला सुटका हवी असणारच. शीर्षकगीतातली एक ओळ तर ॲपल कंपनीच्या कंटाळवाण्या बैठकीत हॅरिसनच्या तोंडून निघालेल्या उद्गारावरून आलेली. पण मला वाटतं, लोकांनी ओळखला तो मॅकार्टनीचा आत्मविश्वास. दोन माणसं सोडून गेली, टेप चोरीला गेल्या, श्वास कोंडला, तरी या माणसाला गाणं कुठे वळवायचं आणि कुठे थांबवायचं हे नेमकं ठाऊक होतं. आधीच्या अल्बममध्ये ते दिसत नव्हतं.

आणि लागोस? अपापाच्या त्या स्टुडिओचं नाव जगाला कळलं, पण त्यामागून कोणी मोठा पाश्चात्त्य बँड तिथे रांगेत उभा राहिला नाही. फेला आपल्या वाटेने गेला. सैनिकांना यंत्रवत माणसं म्हणणाऱ्या ‘झोंबी’ या अल्बमनंतर, १८ फेब्रुवारी १९७७ रोजी, सुमारे हजार सैनिकांनी त्याच्या कलाकुटा या वस्तीवर हल्ला केला. घर जाळलं, त्यासोबत टेपही जळल्या. म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं, पुढच्या वर्षी ती गेली. मॅकार्टनीच्या चोरीला गेलेल्या कॅसेटची कथा ज्यांना पाठ आहे, त्यांच्यापैकी अनेकांना फेलाच्या जळलेल्या टेप ठाऊकही नसतात.

२०२४ मध्ये ‘बँड ऑन द रन’ची पन्नाशीची आवृत्ती निघाली. तिच्यात वाद्यवृंद चढवण्याआधीची मुद्रणं आहेत, म्हणजे लागोसचा पाया पुष्कळसा उघडा ऐकायला मिळतो. ती जरूर ऐका, तिघं किती कमी आधारावर वाजवत होते ते कळेल. आणि तिच्यापाठोपाठ फेलाचा ‘जंटलमन’ लावा. तोही १९७३ चाच, त्याच शहरात आणि त्याच ईएमआयने काढलेला.